पिल्लाचा भात

कुत्र्याच्या पिल्लानं पुन्हा ओसरीवरच घाण केली. सारवण कालच झालं होतं. रुखमाबाईंनी नाकाला पदर लावला आणि सुनेला हाक मारली, "अवो भातखाऊ! पाह्य, तुह्या जोडीदारानं काय करून ठेवलं!"

इंदू राख आणि खराटा घेऊन आली. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. उन्हाळ्यात लग्न होऊन ती बाभुळगावजवळच्या या गावात आली आणि ज्वारीची भाकर अन् झणझणीत कालवण तिच्या पोटात ठरेना. जेवली की पोट धरून बसायची. अर्धी भाकर ताटात तशीच राहायची. गालफडं बसली होती.

रुखमाबाईंच्या मते ही सगळी थेरं होती. जिला भाकर पचत नाही ती कसली बाई? भात म्हणजे सणाचं आणि पाहुण्यांचं खाणं. त्यानं ना पोटाला आधार, ना अंगाला जोर. दिवाळीला इंदूच्या बापानं पोतंभर तांदूळ पाठवला, तो त्यांनी आतल्या खोलीत टाकून वर कुलूप लावलं.

"भाकर खाशीन तवाच इथली होशीन," त्यांनी सुनेला बजावलं होतं.

"हो जी," इंदू म्हणाली होती. त्या भंडाऱ्याकडच्या 'जी'नंही रुखमाबाईंच्या कपाळाला आठी पडायची.

आणि आता त्यात हे पिल्लू. राज्य बदललं, यवतमाळ मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलं, तसा एक साहेब बाडबिस्तरा आवरून जबलपूरला निघाला. जाताना त्यानं आपल्या विलायती कुत्रीचं पिल्लू रुखमाबाईंच्या नवऱ्याला, भगवानरावांना देऊन टाकलं. भगवानरावांना कोण आनंद! कापूस राखायला असलं कुत्रं आजूबाजूच्या गावांत कोणाकडं नव्हतं. बंगल्यावर ते दूध-पाव खायचं. इथं पहिल्याच दिवशी त्याच्यापुढं कालवणात कुस्करलेली भाकर आली. त्यानं ती अधाशासारखी गिळली, आणि तेव्हापासून ओसरी, अंगण, कापसाचा ढीग, काही म्हणून सोडलं नाही.

"साहेबाचं कुत्रं म्हणे!" रुखमाबाई ओठ मुरडून म्हणायच्या. "गावातले कुत्रे उकिरड्यावरचं खाऊन वाघासारखे फिरून राह्यले, आन् याले भाकर पचत नाई. एक सून तशी, एक कुत्रं तसं. माह्याच घरात भरती झाले सारे!"

पण पिल्लानं मान टाकली तेव्हा भगवानराव घाबरले. बैलगाडी जुंपून त्याला बाभुळगावला गुरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. परत आले ते हुकूम घेऊनच.

"डाक्टर म्हणते, एकदम खाणं बदललं म्हणून पोट बिघडलं. त्याचा काई दोष नाई. ताकात कालवून मऊ भात द्या. उतार पडला का त्यातच भाकरीचा चुरा टाकत जा, रोज जरासा वाढवत. पोटाले सवय लागू द्या लागते."

"कुत्र्याले भात?" रुखमाबाई उसळल्या.

"मंग मरू द्याचं का त्याले?"

कुलूप निघालं. इंदूच्या बापाचा तांदूळ कुत्र्यासाठी शिजू लागला. तो शिजवायचं आणि पिल्लाला घालायचं काम इंदूकडं आलं. कुत्र्याची चाकरी तिलाच शोभते, असं रुखमाबाईंनी शेजारच्या बेबीताईला हसत हसत सांगितलंही.

दिवस गेले. रोज सकाळी भगवानराव चौकशी करायचे. इंदू खाली मान घालून म्हणायची, "पातळच आहे जी अजून." भगवानराव हळहळायचे, आणि भात चालू राहायचा.

रुखमाबाईंना मात्र शंका आली. ओसरी स्वच्छ होती. पिल्लू कोंबड्यांच्या मागं धावत होतं. ही आळशी पोरगी भाकरीचा चुरा घालतच नसणार, नुसत्या भातावर कुत्र्याला लाडावत असणार. एका दुपारी इंदू भाताचं भांडं घेऊन गोठ्यामागं गेली, तशा त्या पाठोपाठ गेल्या. आज हिला चांगलंच धरायचं, म्हणून कुडाआड उभ्या राहिल्या.

पिल्लू भाकर खात होतं. ताकात भिजवलेली चांगली अर्धी भाकर, इंदूच्या वाट्याची. शेपटी हलवत मचमच खात होतं. आणि कुत्र्याच्या पोचे आलेल्या जर्मनच्या भांड्यातला भात इंदू खात होती.

हावरटासारखी नव्हती खात. मांडी घालून, पदर सावरून, एकेक घास नीट कालवून ती जेवत होती. शेवटचं शीतही तिनं बोटानं निपटून घेतलं. मग पोटावर हात ठेवून गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. पोट दुखत नव्हतं तिचं. भरलं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिचा असा चेहरा रुखमाबाईंनी पाहिला नव्हता.

त्यांच्या तोंडात शिवी तयार होती. कुत्र्याच्या भांड्यातलं खाते, अवदसा! पण ती बाहेर पडली नाही. थेरं करणारी बाई कुत्र्याच्या भांड्यात जेवायला बसत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्या आल्या पावली परत फिरल्या.

दिवेलागणीला भगवानराव हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी टेकले.

"पिल्लू तं चांगलं उड्या मारून राह्यलं," ते खुशीत म्हणाले. "उद्यापासून भात बंद करा त्याचा."

भाकर थापता थापता इंदूचा हात थांबला.

"तुमाले काय समजते त्यातलं?" रुखमाबाई नेहमीच्याच तुसड्या आवाजात म्हणाल्या. "अजून पोट ठिकाणावर नाई त्याचं. त्या जर्मनच्या भांड्यातलं अंगीच लागून नाई राह्यलं. उद्यापासून मीच वाढीन त्याले. इथं चुलीपाशी, माह्या पितळीत."