जावयाचा मासा

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं, काढलं आणि पुन्हा फोन उचलला. जावयाचं काही आलं नव्हतं. सकाळपासून एकच घड्याळ उघडून बसले होते. स्क्रू बशीत तसेच पडून होते.

काल अमेरिकन जावयानं फोटो टाकला होता. हातात वीतभर मासा आणि तोंडभर हसू. घड्याळजींनी खाली लिहिलं, "एवढ्याशानं मांजरसुद्धा उपाशी राहील. हसताय कशाला?" घरात ते सगळ्यांशी असंच बोलायचे. ज्याची टर उडवली नाही तो परका. पण फोटोखाली काही घर नव्हतं. पन्नास अनोळखी माणसं जावयावर तुटून पडली. अमेरिकन माणसाला स्वतःचं सगळंच मोठं वाटतं, कुणी म्हणालं; कुणी त्याहून वाईट. जावयानं मुलीकडून शिकलेल्या मराठीत उत्तर दिलं, "बरोबर. मासा लहान आहे. माफ करा." आणि फोटोच काढून टाकला.

"पुढच्या महिन्यात पहिल्यांदा यायचा होता," काउंटरवर पट्टे लावत बायको म्हणाली. "आता कशाला येतोय? हौसेनं फोटो टाकला, तर सासऱ्यानं चारचौघांत अब्रू काढली."

"थट्टा केली गं."

"त्याला काय स्वप्न पडलंय? त्यांच्याकडे म्हणे नुसता चहा केला तरी वा वा करतात. गोड लिहा काहीतरी."

घड्याळजींनी मन घट्ट करून जावयाला लिहिलं, "तुमचा मासा फार सुंदर होता. तुम्ही उत्तम मासे पकडता."

दहा मिनिटांत मुलीचा फोन आला. "बाबा, काय लिहिलंत हे?"

"कौतुक केलं की."

"काल दोन तास समजावलं त्याला, की बाबा टोमणे मारतात म्हणजे तू घरचा. आता कुठे पटत होतं. काकांशी बोलणं सोडलंत, त्याच्या आधी त्यांचंही असंच कौतुक करत होतात तुम्ही. तेही सांगून बसलेय मी त्याला."

फोन ठेवताना घड्याळजींचा हात बशीला लागला. एक स्क्रू घरंगळला. ते टेबलाखाली गुडघ्यांवर बसून चाचपडत होते, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

बायकोनं वाचून दाखवलं. दुकानाच्या जुन्या फोटोखाली जावयानं लिहिलं होतं, "भिंतीवर वीस घड्याळं. वीस वेगळी वेळ. बाबा, मी आलो की जेवण कोणत्या घड्याळानं?"

त्याखाली लगेच कुणीतरी लिहिलं होतं, "या अमेरिकनांना मोठ्या माणसांशी बोलायची रीतच नाही. झापा याला."

स्क्रूचा नाद सोडून घड्याळजी वर आले. बायकोच्या हातून फोन घेतला आणि एका बोटानं लिहिलं, "तुम्ही मध्ये पडू नका. आमचं घरातलं बोलणं चाललंय."

मग जावयाला लिहिलं, "तो मासा आणणार असाल, तर जेवूनच या."