बिनतिळाचा पिंड

"तीळ काढ," जगेसर म्हणाला.

राजमनीनं पदराच्या गाठीवर हात ठेवला, पण गाठ काही सोडली नाही. गयेत, फल्गूच्या घाटावर पितृपंधरवड्याची गर्दी उसळली होती. चटईचटईवर कुणी बापाला, कुणी आजाला जेवू घालत बसलेला. तिची नजर मात्र जित्या माणसांवरून फिरत होती. विशीतलं पोर दिसलं की नजर त्याच्यामागे धावायची. मग ती स्वतःलाच टोकायची, अगं, एक तप लोटलं, आता तो विशीतला कुठला? आणि दाढीमिशीवाल्या पुरुषांचे चेहरे न्याहाळू लागायची.

"काढ की गं, लखिंदरची माय. पंडाजी खोळंबलेत."

"पुडीला ओल लागलीय."

"लागू दे ओल. तीळ काय विरघळतात? आण इकडे."

जवाचं पीठ मळता मळता पंडाजींनी मान वर केली. "माई, कशाला जीव कासावीस करून घेता? आत्मा काही मरत नाही. एक घर सोडतो, दुसरं धरतो, इतकंच."

सकाळपासून प्रत्येक चटईवर ते हेच सांगत होते, आणि खोटं सांगत नव्हते.

"मग कुठल्या गावात घर धरलंय तेवढं सांगा," राजमनी म्हणाली. "मी पायी जाते."

पंडाजी हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. वाऱ्यानं पदर सरकला होता. तिच्या गळ्यात गाठी मारलेला लाल-पिवळा दोरा होता, कोरा करकरीत.

"माई, जितियाचा दोरा? आज उपास आहे तुमचा?"

"निर्जळी."

"कुणाच्या नावानं?"

"त्याच्याच. दुसरं कोण आहे मला?"

पंडाजींचा हात पिठात थांबला. लेकराला औक्ष मिळावं म्हणून आईनं पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही, असं हे व्रत. आणि त्याच लेकराचा पिंड त्याच चटईवर!

"यजमान, हे कसं व्हायचं? एका घरातून दोन उलट मागण्या?"

जगेसर भडकला. "तिलाच विचारा! पोर पंजाबात मजुरीला गेलं, तेव्हापासून ना सांगावा, ना फोन. तप उलटलं की गेला समजायचं, हे तुम्हीच लोक सांगता ना? रोज माझ्या स्वप्नात येऊन उभा राहतो. ओठ सुकलेले. पाणी मागतो. गेला असेल आणि त्याला कुणी पाणी दिलं नसेल, तर मी बाप कशाला झालो? आणि असलाच कुठे, तर चार तिळांनी त्याचं काय वाकडं होणार आहे?"

"होईल," राजमनी म्हणाली. घशाला कोरड पडून आवाज चिरकला होता. "माझ्या हातानं मी त्याला मारलं असं होईल."

"रोज पोथी ऐकतेस. आत्मा अमर म्हटलं की सगळ्यांच्या आधी मान डोलावतेस..."

"आत्म्याचं मला ठाऊक आहे हो. तो कुणाचाच मरत नाही. पण कुत्र्याला भिऊन बांधावरून लांबचा फेरा घेणारा लखिंदर एकच आहे."

जगेसरनं तोंड फिरवलं. शेजारच्या चटईवर घंटी वाजत होती.

पंडाजींनी पीठ पानात गुंडाळलं. "तीळ मेलेल्याला. जित्याला तीळ चालत नाहीत. वर टेकडीवर जनार्दन आहे. तिथं जित्याचा पिंड देतात, तिळाविना, दह्यात कालवून. देवाच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचं, तुझ्यापाशी असू दे, ज्याचा आहे तो जाईल तेव्हा त्याला दे. लखिंदर गेला असेल तर देव आजच देईल. नसेल तर ठेवील सांभाळून. त्याला कुठं घाई आहे?"

"म्हणजे पुन्हा अधांतरीच," जगेसर पुटपुटला. "मला काय ते एकदाचं संपवायचं होतं."

पण राजमनी उठून चालायलाही लागली होती.

टेकडीच्या पायऱ्यांवर ती दोनदा खाली बसली. ओठांना चिरा पडल्या होत्या. जगेसरनं सवयीनं लोटा पुढे केला, मग एकदम आठवून मागे घेतला. तो स्वतःही प्यायला नाही. "चल," एवढंच म्हणाला, आणि तिच्या दंडाला धरून चढू लागला.

गाभाऱ्यात अंधार होता. जगेसरनं दह्यात पीठ कालवलं. पिंड फुटला, परत वळावा लागला.

"नाव घ्या," बरोबर चढून आलेले पंडाजी म्हणाले.

"लखिंदर," जगेसर म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, शेतातून हाक मारावी तसं. आणि पिंड देवाच्या काळ्या दगडी तळव्यावर ठेवला.

राजमनीनं हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. कुणीतरी येऊन उचलून नेईल की काय, अशी ती त्या पिंडाकडे बघत राहिली.

पंडाजींनी पानाकडे पाहिलं. "पीठ उरलंय, यजमान. ज्यांच्यामागे देणारं कुणी नाही, ते इथं स्वतःचाही पिंड देऊन ठेवतात. चढून आलाच आहात, तर तुमचाही उरकून घ्या. या वयात पुन्हा कुठं येताय?"

कुणी शिवी दिल्यासारखं जगेसरनं वर पाहिलं.

"माझा कशाला?" तो खेकसला. "माझा तो देईल की!"