दोन गुडघे

नवे खेळाडू निवडायचा ड्राफ्ट चार दिवसांवर आला होता. एकोणीस वर्षांच्या टायरेलला उचलायचं की चौतिशीच्या बकनरशी करार करायचा, यावरून मी, म्हणजे बास्केटबॉल टीमचा कोच, आणि आमची मॅनेजर डेनिस सकाळपासून भांडत होतो. शेवटी टीमच्या डॉक्टरांनी दोघांच्या गुडघ्यांचे एमआरआय पडद्यावर लावले. नावांवर चिकटपट्टी होती.

"सांगा बघू, म्हातारा कोणता?"

"डावीकडचा! गादी पार झिजलीय त्याची," मी म्हणालो. "पोराला घ्या, विषय संपला."

डॉक्टरांनी पट्टी काढली. डावीकडे टायरेलचं नाव होतं.

"असं कसं?"

"सातव्या वर्षापासून बारा महिने खेळतोय. शनिवार-रविवारी चार-चार सामने. बकनर सतराव्या वर्षापर्यंत बापाच्या बोटीवर मासे पकडत होता. बास्केटबॉल त्यानंतर."

डेनिसने लगेच बकनरच्या एजंटला फोन लावला. मी बाहेर येऊन बायकोला लावला. ती आमच्या नऊ वर्षांच्या जूनीला घेऊन बास्केटबॉलच्या स्पर्धेला गेली होती.

"अरे, लेक सुसाट सुटलीय तुझी!" ती शिट्ट्यांच्या गोंगाटात ओरडली. "तीन सामने जिंकले, आता चौथ्याला उतरतेय!"