बारीक अक्षरं

चर्चमध्ये हातातला खुळखुळ्या साप चावून बाबा गेले, त्याला आठ दिवस झाले. विश्वास धरणाऱ्यांनी साप उचलले तरी त्यांना काही होणार नाही, हे बायबलमधलं वचन आमच्या कोळसाखाणींच्या डोंगरांत शब्दशः पाळतात. आज बाबांच्या जागी माझा भाऊ डेल्बर्ट उभा राहणार होता. तो सापाची पेटी घेऊन निघाला, तशी मी शहरातून आणलेलं बायबल उघडलं. “थांब रे! इथं खाली बारीक अक्षरांत छापलंय, सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये हे वचन नाहीच.” “शहरात शिकून देवाच्या चुका काढतेस?” आई म्हणाली. डेल्बर्टनं मात्र पेटी खाली ठेवली. “आई, मग बाबा कशासाठी गेले?” बायबलवर चष्मासुद्धा ठेवू न देणाऱ्या आईनं त्या पानाची खालची पट्टी फाडून चुलीत टाकली. “तुझा बाप फुकट गेला नाही. उचल पेटी, लोक खोळंबलेत.”