थुंका, बाई!

"चघळा, बाई," म्हणत डॉ. उन्मेषने च्युइंगम पुढे केलं, तेव्हा खर्शीकर बाईंना ऑपरेशनच्या टाक्यांपेक्षा जास्त दुखलं. याच कार्ट्याला त्यांनी सातवीत च्युइंगम चघळताना पकडून, केराची टोपली नाकाखाली धरून "थुंक!" असं फर्मावलं होतं.

आता तो सर्जन होऊ घातला होता, आणि च्युइंगम चघळल्याने ऑपरेशननंतर आतडी लवकर जागी होतात का, यावर त्याचं संशोधन चालू होतं. बाईंनी मोठ्या तोऱ्यात संमतीपत्रावर सही ठोकली होती.

"बाई, गॅस पास झाला का?" तक्ता घेऊन तो दर दोन तासांनी विचारायचा. तीच आतडी जागी झाल्याची खूण, आणि त्याशिवाय चहा नाही!

खरं तर सकाळीच झाला होता. चांगला दणदणीत. पण विद्यार्थ्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? बाई आपल्या "नाही" म्हणत राहिल्या.

दुपारी शेजारच्या खाटेवरच्या आजींनी चहात बिस्कीट बुडवलं आणि बाईंचा धीर सुटला. त्यांच्या वर्गात ओरडून सांगायला बंदी असे: एक नंबरला जायचं तर एक बोट, दोन नंबरला दोन. बाईंनी च्युइंगम चघळतच भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हात वर केला. तीन बोटं!

"किती वाजता?" उन्मेष आनंदाने ओरडला.

"सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. सिस्टर, चहा आणा!"

"थांबा," म्हणत उन्मेषने खाटेखालची केराची टोपली बाईंच्या नाकाखाली धरली. "आधी थुंका!"