बुधवारचा आकाशपाळणा

“बरोबर लहान मुलं किती?” फोनवरच्या मुलीने विचारलं.

“एकही नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आम्ही तिघं. तिघंही साठी ओलांडलेले.”

मग मुलीने अदबीने सांगितलं, की आजी, आमच्या पार्कातली बरीचशी खेळणी मुलांसाठी असतात. मेट्रनबाईंनी तितक्याच अदबीने विचारून घेतलं, की आकाशपाळण्यात बसायला वयाची अट आहे का, चढायच्या पायऱ्यांना कठडा आहे का, सावलीतली बाकं कुठे आहेत आणि प्रथमोपचाराच्या खोलीत खरंच कुणी असतं की दारावर नुसती पाटी. शेवटच्या प्रश्नाला मुलगी अडखळली, तेव्हा त्यांनी तिच्या साहेबाला फोनवर बोलावलं आणि त्याच्याकडून उत्तर घेऊनच फोन ठेवला. जन्मभर इस्पितळातले वॉर्ड हाकलेली बाई. तिच्यापुढे पार्काची काय कथा.

शिवणयंत्रापाशी बसलेल्या नणंदेने हात कधीच थांबवला होता. ही नवऱ्याची धाकटी बहीण, लग्नाच्या फंदात न पडलेली, गल्लीतल्या दोन पिढ्यांची झबली-फ्रॉक शिवून बोटं झिजवलेली. तिचं सकाळपासून एकच पालुपद चाललं होतं. पोर ना बाळ, आणि ही म्हातारी माणसं निघाली पाळण्यात बसायला, लोक हसतील.

“हसू देत,” मेट्रनबाई म्हणाल्या. “तिकीट काढून लोक तिथे हसायलाच येतात.”

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले काका, मेट्रनबाईंचे यजमान, या सगळ्यात नव्हतेच. ते बंदरात क्रेन चालवायचे. उभा जन्म उंचावरच्या काचेच्या खोलीत गेला, खाली माणसं मुंग्यांएवढी. हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ती खुर्ची हेच त्यांचं जग झालं. दुखणं कधीच बरं झालं होतं, डॉक्टरही हिंडा-फिरा म्हणून मागे लागले होते. पण माणूस काही इस्पितळातून पुरता घरी आला नव्हता. बायकोने दंड धरून फाटकापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच त्यांचं चालणं. काहीही विचारलं तरी ठरलेलं उत्तर: तू म्हणशील ते.

मागच्या तपासणीहून परतताना मात्र टॅक्सी पुलावर चढली आणि लांबवर पार्कातला आकाशपाळणा दिसला. तो दिसेनासा होईपर्यंत काका मान वळवून बघत राहिले. मेट्रनबाईंनी ते बघून ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, ते रुळांवरून उलटंपालटं धावणारं खेळणं नको, पाळणा खुशाल चालेल.

संध्याकाळी भाचा आला, मेट्रनबाईंच्या बहिणीचा मुलगा. आईकडून बातमी लागली होती. मुलगा गुणी, जीव लावणारा. त्याने समजुतीच्या सुरात सुचवलं, की रविवारी तोच गाडी काढेल, त्याची दोन्ही मुलंही येतील.

“मुलं बरोबर असली म्हणजे बरं दिसतं, मावशी.”

“तुझी मुलं मला जिवापलीकडे आहेत,” मेट्रनबाई म्हणाल्या. “पण मुलं आली की आम्ही बाकावर बसून पिशव्या आणि चपला राखतो. या खेपेला आम्हाला पाळण्यात बसायचंय. बुधवारी जातोय आम्ही.”

“बुधवारी त्यांची शाळा असते.”

“म्हणूनच बुधवार धरला.”

नणंदेला हसू आलं, ते तिने कापडात दडवलं. भाच्याकडे मग एकच गोष्ट उरली होती आणि ती त्याने आवाज खाली आणून विचारली: तिथे काकांना काही झालं तर? मेट्रनबाईंकडे त्याचंही उत्तर तयार होतं, पण त्या बोलायच्या आत तो खुर्चीकडे वळला.

“काका, तुम्हीच सांगा. तुम्हाला जायचंय का?”

मेट्रनबाईंच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. पार्कवाल्यांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. यांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

काकांनी खिडकीवरून नजर काढली. मग बायकोला म्हणाले, “तो पाळणा वर गेल्यावर थांबतो का?”

“खाली माणसं चढेपर्यंत थांबतो. विचारलंय मी.”

“मग ठीक.”

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले. दाराशी जाऊन, भिंतीला टेकून, त्यांनी बूट चढवले. मेट्रनबाई सवयीने उठू लागल्या.

“तू बस,” काका म्हणाले. “तिथे चालावं लागेल. पायांना सवय नको?”

फाटक वाजलं. भाचा मागोमाग निघाला, तसं मेट्रनबाईंनी त्याचं मनगट धरलं. नणंद यंत्र सोडून खिडकीशी आली. काका गल्लीतून भिंतीच्या कडेकडेने चालले होते, मध्येच एखाद्या कुंपणावर हात टेकत. पोस्टाच्या पेटीपाशी दम खायला थांबले. आता फिरतील, असं तिघांनाही वाटलं. ते फिरले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी पोचून त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं, एक मोटार जाऊ दिली आणि मोठा रस्ता ओलांडायला पाऊल खाली टाकलं.

“वहिनी, दादा पलीकडे चाललाय,” नणंद म्हणाली.

“दिसतंय मला,” मेट्रनबाई म्हणाल्या. भाच्याचं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं.