साथ

पियानो पुन्हा घाई करत होता.

खाली अंगणातल्या बाकावर बसलेल्या बाबाच्या कपाळाला आठी पडली. वर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून चेलो सावकाश, लांब श्वास घेत निघाला होता आणि पियानो मात्र बस सुटत असल्यासारखा पुढे पळत होता. शेवटी दोघंही अडखळले आणि थांबले. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग पुन्हा पहिल्यापासून.

बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करी. जन्मभर लोकांची वर-खाली जायची सोय केली आणि गुडघे गेले ते स्वतःचे. संगीतशाळेच्या इमारतीला नेमकी लिफ्ट नव्हती. त्यामुळे मुलीला न्यायला आला की तो खालीच बसायचा. तसंही बाई पालकांना वर्गाकडे फिरकू देत नसत. पण कान तयार होता त्याचा. नुसती घरघर ऐकून मोटरचं दुखणं सांगायचा.

आणि हा चेलो तर त्याने झोपेतही ओळखला असता. तो मुलीच्या आईचा होता. ती गेल्यावर कित्येक वर्षं तो कपाटाशेजारी उभा होता. व्हायोलिनचा थोरला भाऊच तो, माणसाएवढा, खोळीत गुंडाळलेला. घरात त्याच्याकडे कुणी बघत नसे आणि त्याला कुणी विसरतही नसे. गेल्या वर्षी बाबानेच तो झाडूनपुसून मुलीपुढे ठेवला.

"आता हा तू वाजवायचास," तो म्हणाला.

मुलगी बराच वेळ चेलोकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली. एवढं धूड रोज कोण वाहणार, म्हणून चेलो शाळेतच राहू लागला.

यंदाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी बाईंनी तिला निवडलं. रचना चेलोची, साथीला पियानो. मुलीने हे सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा कामावर जाताना जिन्यात शीळ घालत उतरला. शेजारणीने दार उघडून पाहिलं.

तेव्हापासून घरी परततानाचं बोलणं त्या रचनेवरच चाले. एरवी आई गेल्यापासून दोघांच्या संध्याकाळी मुक्याच जायच्या.

"तुझा तो पियानोवाला फार उतावळा आहे गं," बाबा म्हणाला.

"हो. बाईही तेच म्हणतात."

"चेलोला श्वास घ्यायला जागाच देत नाही. सांग त्याला, लग्न चेलोचं आहे. वऱ्हाड्याने बोहल्यावर चढू नये."

मुलगी हसली. "सांगते."

जेवायला बसली की तिच्या दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या कडेवर नाचत असायची. भाजी निवून जायची. बाबा म्हणायचा, "अगं, पोटालाही सराव लागतो," आणि ती दचकून घास घ्यायची.

मधल्या भागात चेलोला एक उंच चढण होती. तिथे सूर दर वेळी किरटा व्हायचा आणि खाली बाबाचे खांदे आपोआप वर चढायचे. हळूहळू तो सूर गोल होत गेला. पियानोही शहाणा झाला. चेलो थबकला की थबकायचा, तो निघाला की मागून पाऊल टाकायचा.

एका संध्याकाळी ती चढण चेलोने अखंड पार केली. बाबा भानावर आला तेव्हा तो पहिल्या मजल्याच्या पायरीवर उभा होता. गुडघे ठणकत होते. तो तिथेच बसला आणि त्याने डोळे पुसले.

तेवढ्यात बाई वरून आल्या. बाबा धडपडत उठू लागला.

"बसा, बसा."

"कशी आहे हो तिची प्रगती?"

"वाजवता पुष्कळांना येतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीला आता ऐकता येतं. ते फार अवघड."

"आईवर गेलीय."

बाई जरा घुटमळल्या. "तिने तुम्हाला काही सांगितलं का?"

"कशाबद्दल?"

"काही नाही. कार्यक्रमाला लवकर या. पुढची जागा मिळेल."

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाला, "पियानोवाला सुधारला बरं का."

मुलीने चमचा खाली ठेवला. "खरंच?"

"अगदी खरं. पूर्वी पुढे पळायचा. आता हात धरून चालल्यासारखा चालतो. तुझी आई आजारी होती ना, तेव्हा मी असाच चालायचो. तिच्या पावलाने."

मुलीने चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "बाबा, उद्या तू रागावलास तर?"

"चुकलीस तरी नाही रागावणार."

"चुकण्याचं नाही म्हणत."

"मग?"

"काही नाही. जेव."

दुसऱ्या दिवशी बाबा ठेवणीतला सदरा घालून दुसऱ्या रांगेत बसला. शेजारच्या अनोळखी गृहस्थाला त्याने आपणहून सांगून टाकलं, "आता माझी मुलगी आहे." गृहस्थाने कौतुकाने मान डोलावली. दिवे मंद झाले.

पडदा सरकला. चेलोचं ते जुनं, मधाच्या रंगाचं लाकूड उजेडात चमकलं आणि बाबा पुढे सरकून बसला. मग त्याने वर पाहिलं. चेलो धरून खुर्चीवर बसत होता एक उंच, किडकिडीत, कधीही न पाहिलेला मुलगा. बाबा अर्धवट उठला. काहीतरी घोटाळा झाला होता, कुणाला तरी सांगायला हवं होतं. त्या मुलाने चेलो छातीशी टेकवला, मान वळवली आणि पियानोपाशी बसलेल्या बाबाच्या लेकीकडे सूर मागितला.